सात पाण्यांनी धुतलेले दाणे

आमच्या ह्यांना कारखान्यात सगळे 'सातपाणी' म्हणायचे, आणि अगदी बरोबर म्हणायचे. सव्वीस वर्षं निकेलचा मुलामा चढवायचं काम केलं. त्या कामात वस्तू एका टाकीतून काढली की धुवायची, मगच दुसऱ्या टाकीत. नाहीतर मुलामा सोलून निघतो. ही खोड घरीही आली. मी धुतलेला कप हे पुन्हा धुणार. लग्नानंतरची दोन वर्षं मी त्यावरून भांडले, मग नाद सोडला.

गेल्या वर्षी सरकारी नोटीस आली. कारखान्याच्या सांडपाण्यात निकेल जास्त आहे, तीन नमुने नापास झाले तर कुलूप. अकरा माणसं कामाला, आणि मालकांनी हे लोढणं यांच्या गळ्यात अडकवलं. कॉलेजातल्या एका सरांनी पॉलिमरचे दाणे दिले. कोरडे असताना मुगाएवढे, पाण्यात फुगून वाटाण्याएवढे मऊ जेल. पाण्यात विरघळलेलं निकेल ते ओढून घेतात म्हणे. सरांच्या प्रयोगशाळेत आमच्याच कारखान्याचं पाणी साफ झालं. हे नाचतच घरी आले.

आणि मग सात महिने नुसता वैताग! स्वयंपाकघरात कारखान्याच्या सांडपाण्याचे कॅन, बादल्या, पाय ठेवायला जागा नाही. दाणे टाकलेल्या पाण्यातलं कपभर घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. गुलाबी झालं की निकेल आहे. रोज गुलाबी! मला त्या रंगाचं फूलसुद्धा नकोसं झालं.

दाणे धुवायचं काम माझ्याकडे, कारखान्याच्या टाकीत टाकायचेसुद्धा. "नीट धू हं, सात पाण्यांनी." आमच्या नळाला बोरचं जड पाणी. साबणाला फेस येत नाही, किटलीत पांढरी खपली धरते. त्या पाण्यात हात गार पडेपर्यंत मी दाणे चोळायचे.

"अहो, फुगलेले दाणे धुतले की आक्रसतात," मी एकदा म्हटलंही.

"घाण निघते त्यांची," हे म्हणाले. झालं!

पहिला नमुना नापास. दुसरा नापास. सरांना विचारलं तर म्हणाले, "माझ्याकडे तर होतंय. तुमच्याच हातून काहीतरी चुकतंय." ते यांच्या मनाला फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून साताची नऊ पाणी झाली.

तिसरा नमुना मंगळवारी गेला. बुधवारी सकाळी फोन आला, नापास. आणि हा माणूस दुपारी पुन्हा कॅन घेऊन दारात! "एकदाच बघू. दाणे धू."

माझं डोकंच फिरलं. सगळं संपल्यावर कशाला धुवायचे? मी नळ धो धो सोडला, यांना ऐकू जावं म्हणून, आणि हाताची घडी घालून उभी राहिले. मग कोरडेच दाणे कॅनमध्ये ओतले.

"धुतले?"

"धुतले."

तासाभराने यांनी थेंब टाकले. पाणी गुलाबी झालंच नाही, नितळच. दुसरा कप, नितळ. तिसराही. यांनी कप उजेडात धरून पाहिला. "आज काय केलंस तू?"

खरं सांगावंच लागलं. यांनी लगेच सरांना फोन लावला.

"नळाच्या पाण्याने धूत होता?" सरांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "अहो, त्या पाण्यातल्या चुन्यानेच दाणे भरून जातात. निकेलला जागा कुठे उरणार? धुवा म्हणून सांगितलं कुणी?"

कुणीच नाही. सरांच्या मनात आलं नाही, कारण असं कोण धुतं? यांच्या मनात आलं नाही, कारण न धुता कोण वापरतं?

हे तसेच नमुना नेणाऱ्या साहेबांकडे धावले. पण तिसऱ्या नापासाचा कागद पुढे गेला होता. सात महिने मी कामात कसूर केली नाही हो. एक दिवस, फक्त एक दिवस आधी आळस करायचा होता!

"ओरडा की माझ्यावर!" मी शेवटी रडतच म्हणाले.

"तुझ्यावर कशाला? धू म्हणणारा मीच."

शुक्रवारी कुलूप लागलं. आता हे दिवसभर घरीच असतात. कप मी एकदाच धुते आणि फळीवर ठेवते. हे बघतात, पण उठून पुन्हा धुवत नाहीत.