सिस्टरचा विसराळूपणा

माझ्या सासूबाई आरोग्य केंद्रात परिचारिका आहेत. सगळा भाग त्यांना सिस्टर म्हणतो, आणि त्या चिडलेल्या असल्या की घरात आम्हीही म्हणतो. साठी जवळ आली तरी चार जिने एका दमात चढतात आणि वर पोचल्यावर, मागे धापा टाकत येणाऱ्याला नावं ठेवतात. हे माझे स्वानुभवाचे बोल आहेत.

दोन वर्षांपूर्वी केंद्राने एक नवं काम काढलं. माणसाने उदास होऊन अंथरूण धरल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते आधीच कळावं, म्हणून घरोघरी जाऊन प्रत्येक मोठ्या माणसाला नऊ प्रश्न विचारायचे. झोप लागते का, कशात मन रमतं का, उगाच धास्ती वाटते का. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. बेरीज दहा किंवा जास्त झाली, तर डॉक्टरांकडे पाठवायचं. पाच ते नऊ असेल तर कागदावर छापलेलंच होतं, ‘लक्ष ठेवा’. त्याहून कमी असेल तर पुढचं घर.

बाकीच्या परिचारिका दहा मिनिटांत एक घर उरकायच्या. आमच्या सिस्टरना तास लागायचा. त्यांचं म्हणणं, समोरासमोर बसवून विचारलं की माणूस साळसूद होतो. हात कामात गुंतले की तोंड मोकळं होतं. म्हणून त्या लोकांच्या घरी मटार सोलायला बसायच्या, नाहीतर धुतलेल्या चादरीची दोन टोकं धरायच्या आणि घडी घालता घालता प्रश्न विचारायच्या. नऊच्या नऊ प्रश्नांना शून्य सांगणाऱ्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्या चहा मागायच्या आणि पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करायच्या.

इथवर सगळं ठीक होतं. मग त्या वस्तू विसरायला लागल्या.

आधी छत्री. मग चष्म्याचं घर. मग रक्तदाब मोजायचं यंत्र, तेही केंद्राचं. एका महिन्यात जेवणाचा डबा तीनदा कुणाकुणाकडे राहिला. माझ्या नवऱ्याचा जीव टांगणीला लागला, कारण त्याच्या आजीचं, म्हणजे सासूबाईंच्या आईचं, असंच छत्रीपासून सुरू झालं होतं आणि शेवटी तिला पोटची मुलगीही ओळखू येईना. त्यात नेमकं त्याच महिन्यात, सासूबाईंना आणखी दोन वर्षं कामावर ठेवायचं की नाही, हे ठरायचं होतं. नवऱ्याने एकदा जेवताना विषय काढलाच. उद्या कुणाला चुकीची सुई टोचलीस तर काय करशील, त्यापेक्षा आपणहून नोकरी सोड, असं तो म्हणाला. मीठ कमी पडलं तरी वाद घालणाऱ्या सासूबाई ‘बरं’ म्हणाल्या आणि अर्ध्या ताटावरून उठल्या. ते ‘बरं’ मला छत्रीपेक्षा जास्त लागलं.

मी एक दिवस रजा टाकली आणि त्यांच्या मागावर निघाले. पाळत ठेवायला निघालेली सून म्हणजे काय शोभा, पण राहवेना. पहिलंच घर दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त टायपिस्टबाईंचं. त्या एकट्याच राहतात. वर जाताना सासूबाईंच्या हातात चष्म्याचं घर होतं; तासाभराने त्या खाली उतरल्या, तेव्हा खांद्याला नुसती पिशवी. नाकावर चष्मा होता, पण त्याचं घर नव्हतं. त्या वळणाआड गेल्यावर मी वर जाऊन कडी वाजवली. बाईंनी दार उघडलं, हातात चष्म्याचं घर. मी ओशाळून म्हटलं, आमच्या आई हल्ली जरा विसरतात, द्या, मी नेते. बाईंनी ते सोडलं नाही.

“इथेच राहू दे,” त्या म्हणाल्या. “खालचे घड्याळवाले चार वाजता न्यायला येणार आहेत. मी चहा टाकणार आहे.”

वस्तू इथे राहणार, हे घड्याळवाल्यांना आधीच कसं कळलं, असं मी विचारलं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझी अक्कल गहाण पडली असावी. सिस्टरच त्यांना सांगून गेल्या होत्या. मागच्या महिन्यात छत्री घड्याळवाल्यांकडे राहिली होती, ती आणायला बाई गेल्या होत्या. आता त्यांची पाळी. बायको गेल्यापासून घड्याळवाल्यांनी दुकान उघडलं नव्हतं, ते आता सकाळचं उघडतात, हेही त्यांनीच सांगितलं.

“आम्हाला काय कळत नाही होय?” बाई हळूच म्हणाल्या. “पण सिस्टरना बोलायचं नाही. हिरमोड होईल बिचारीचा.”

मी जिन्यावर बसून पोट धरून हसले.

पण तोवर नवऱ्याने काळजीपोटी केंद्रातल्या डॉक्टरांना फोन केलेला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी सासूबाईंना बोलावलं. मीही हट्टाने बरोबर गेले. डॉक्टरांनी पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. सासूबाईंनी ते सरळ म्हटले, उलटे म्हटले आणि वर, तुमच्या शर्टाचं तिसरं बटण तुटलंय, हेही सांगितलं. मग वस्तू कशा राहतात, असा प्रश्न आला. त्यांनी पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवला.

“इथे लिहिलंय, लक्ष ठेवा. कुणी ठेवायचं ते लिहिलेलं नाही. माझ्याकडे चारशे घरं आहेत डॉक्टर, मी तीन-चार महिन्यांतून एकदा जाणार. मग मी लोकांनाच एकमेकांकडे लावून दिलं. नुसतं जा म्हटलं तर कुणी कुणाचं दार वाजवत नाही. माझी वस्तू आणायला सगळे जातात.”

डॉक्टर बराच वेळ मागचे कागद चाळत बसले. पाच ते नऊमधल्या बहुतेकांची बेरीज उतरली होती. याची कारणं दुसरीही असू शकतात, असं ते सावधपणे म्हणाले, आणि दोन वर्षांच्या मुदतवाढीच्या कागदावर सही केली. यंत्र मात्र विसरायचं नाही, ही एकच अट.

रविवारी मटार सोलताना माझ्या लक्षात आलं, की परिचारिकांची स्वतःची घरं यादीत नव्हती. जगाला विचारणाऱ्या बाईला कुणीच विचारलं नव्हतं. मी नऊ प्रश्नांचा एक कोरा कागद घेतला. पहिल्या चार प्रश्नांना त्या शून्य म्हणाल्या. मी पेन खाली ठेवलं आणि गुमान शेंगा सोलत राहिले.

“हे गेल्यापासून सुट्टीच्या दिवशी उठावंसं वाटत नाही गं,” त्या शेंगेकडे बघत म्हणाल्या. “घरी बस म्हणाला, तेव्हा वाटलं, आता सगळेच दिवस तसले.”

बेरीज सात झाली. नवरा दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याचा चेहरा बघवेना. तो आमच्यात येऊन बसला आणि मटार सोलण्याऐवजी खायला लागला. सासूबाईंनी त्याच्या हातावर चापट मारली.

पुढच्या रविवारी सहाच्या ठोक्याला तो आईच्या दारात उभा. लग्न झाल्यापासून सुट्टीच्या दिवशी नऊच्या आत मी त्याला उठलेला पाहिलेला नव्हता.

“आई, चल ना फिरायला,” तो म्हणाला. “मला एकट्याला कंटाळा येतो.”

 आतून साडीचं कपाट उघडल्याचा आवाज आला.