मरव्याची टोपी

रेमेई माझ्या प्रथम लक्षात आली ती संत कुगातच्या मठासमोरच्या चौकात, रुमालाला करकचून गाठ मारताना. भिंतीकडे बघत ती म्हणत होती, "ऐक कुगात, किल्ल्या मिळेपर्यंत सोडायची नाही तुला!"

आमच्या गावात हरवलेलं असंच मागतात. संताला रुमालात बांधायचं, वस्तू सापडली की लगेच सोडायचं.

खाटीक ल्योरेन्स दुकानातून ओरडला, "गळा कापला तरी ज्यानं देव सोडला नाही, तो तुझ्या रुमालाला भिणार होय?"

"तेव्हा त्याची माझ्याशी गाठ नव्हती पडली!"

किल्ल्या एप्रनच्या खिशातच निघाल्या. तिनं माफी मागत गाठ सोडली.

पुढे तिचा नवरा एर्मेंगोल विसरायला लागला. आधी माणसांची नावं, मग घरचा रस्ता. डॉक्टरांच्या गोळ्या चालूच होत्या, पण रेमेईनं आजीच्या पद्धतीची टोपीही शिवली. दुहेरी कापडात मरवा, रोझमेरी, लवंगा भरून वर बारीक टाके. डोक्याला बळ येतं म्हणून पूर्वी वैद्यच अशा टोप्या देत.

"डोकं आहे की मसाल्याचा डबा?" तो कुरकुरायचा, पण घालायचा.

एका बाजारच्या दिवशी ती आपल्या मसाल्याच्या दुकानात गिऱ्हाईकाला ओवा मोजून देत होती, तेवढ्यात एर्मेंगोल नाहीसा झाला. स्टेशनवर नव्हता, मठात नव्हता. राहिलं ते जंगल, आणि तिथे रानडुकरं. आम्ही सगळे शोधायला निघालो. रेमेई माझा दंड धरून चालत होती. दुसऱ्या मुठीत गाठ मारलेला रुमाल होता. "बाई, त्याच्या अंगात नुसता सदरा आहे हो," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

ऊन उतरताना ल्योरेन्सची हाक आली. एर्मेंगोल एका पाइनखाली बसला होता, टोपी दोन्ही हातांनी कानांवर ओढून. रेमेई धावत जाऊन त्याच्यासमोर बसली.

त्यानं तिच्याकडे अदबीनं पाहिलं. "बाई, मला घरी पोचवता का? ही टोपी माझ्या बायकोनं शिवलीय. ती काळजीत असेल."

"चला, पोचवते," रेमेई म्हणाली, आणि आपली शाल त्याच्या खांद्यांवर घातली.

उतारावर ल्योरेन्स हळूच म्हणाला, "सोड आता बिचाऱ्या संताला. सापडला ना?"

तिनं रुमाल खिशात ठेवला. "सगळा कुठे सापडलाय?"

याला दोन वर्षं झाली. टोपीतला मरवा ती अजून दर महिन्याला बदलते. रुमालाची गाठ तशीच आहे.