अर्ध्या मिलिमीटरची फट

आमच्या दादाला घरात सगळे 'दशांश' म्हणतात. वहिनीने सव्वा किलो भाजी आणली तर हा विचारणार, सव्वाच का? त्याची नोकरीच तशी. तापल्यावर पाईप किती वाढेल, कुठे ओढेल, कुठल्या टेकूवर किती भार टाकेल, हे कॉम्प्युटरवर काढायचं. त्याच्या ऑफिसने आखलेल्या एका कारखान्यात मी पंपावर ऑपरेटर आहे.

माझ्या पंपाच्या पाईपचं गणित दादाने दोन सॉफ्टवेअरवर केलं होतं. सगळीकडे आकडे जवळजवळ जुळले. एकाच टेकूपाशी घोडं अडलं. पहिलं म्हणालं, पाईप टेकूवर बसलेला राहतो. दुसरं म्हणालं, तापल्यावर अर्धा मिलिमीटर वर उचलला जातो. उचलला तर त्याचं ओझं पंपाच्या तोंडावर येणार, आणि तोंड कधीतरी तडकणार.

"करारात पहिलं सॉफ्टवेअर लिहिलंय," त्याचे साहेब म्हणाले. "साप साप म्हणून भुई धोपटू नकोस."

दादाने अहवालात एक टीप टाकली. ती परिशिष्टात गेली, आणि परिशिष्ट कोण वाचतं? मला राग आला तो दादाचाच. जेवताना ताटात बोटाने टेकू काढत बसेल, पण साहेबांसमोर आवाज चढवणं त्याला जन्मात जमलं नाही.

गेल्या महिन्यात पंप पहिल्यांदा पूर्ण गरम चालला. दादाचा फोन आला. "टेकू आणि पाईपच्या मध्ये कागद सरकतो का बघ. अडला तर मीच चुकलो."

मी वहीचं पान फाडून नेलं. इकडून घातलं, तिकडून काढलं. कुठे अडलंच नाही. मी तिथूनच दादाला फोन लावला.

दादाने लगेच साहेबांना कळवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: मंजूर अहवालात फट शून्य आहे, वहीचं पान हा पुरावा धरता येत नाही. मी सांगायला गेलो, तर माझ्या सुपरवायझरनेही तोच अहवाल माझ्यापुढे धरला.

"बदली मागून घे," दादा मला म्हणाला.

"मग तिथे कोण उभं राहील?"

माझ्यानंतरच्या पाळीला जो येतो, त्याच्या धाकटीच्या बारशाला आम्ही दोघं गेलो होतो. मी बदली मागितली नाही.

हल्ली माझी पाळी सुटल्याचा फोन आल्याशिवाय तो जेवायला बसत नाही, असं वहिनी सांगते. आणि माझा फोन आला, की विचारतो, "तुझ्यानंतरच्या पाळीचा आला का कामावर?" मी हो म्हणतो. मग, वहिनी म्हणते, दादा ताट पुन्हा बाजूला सरकवतो.