काकाचा व्हिसा

“बघून ठेवलेलं बरं,” असं तो म्हणायचा, आणि खरोखरच बघून ठेवायचा. आमच्या आयर्लंडमधल्या लिमरिकच्या मराठी मंडळींची सहल समुद्राकाठच्या कड्यांवर जायची ठरली, की हा आदल्या रविवारी एकटाच गाडी घेऊन तिथे जाऊन यायचा. पार्किंग कुठे, स्वच्छतागृह कुठे, वाऱ्यात सतरंजी कुठल्या भिंतीआड टिकेल, सगळं पाहून यायचा. सहलीच्या दिवशी आम्ही समुद्र बघून हरखून जायचो तेव्हा हा डबे उघडत बसलेला असायचा. त्याचा समुद्र बघून झालेला असे.

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. मे महिन्याच्या सुट्टीत पुढच्या इयत्तेची पुस्तकं मिळवून, अर्धा अभ्यास उरकून जूनमध्ये वर्गात बसणारी. बाई फळ्यावर गणित लिहितात तोवर यांचं उत्तर तयार. आपल्याकडे अशा मुलांचं केवढं कौतुक होतं. हा मूळचा नागपूरचा आणि आईवडील दोघंही शिक्षक, त्यामुळे सुट्टीतला अभ्यास म्हणजे त्यांच्या घरचं वळणच होतं. ते त्याच्या अंगातून कधी गेलं नाही.

आम्ही दोघं गावाबाहेरच्या एका कारखान्यात कामाला होतो. शस्त्रक्रियेत वापरतात त्या बारीक नळ्या तिथे बनतात. आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे, टोपी, मास्क, असा जामानिमा. माणसाचे फक्त डोळे दिसतात. एका वर्षी माझ्या लक्षात आलं, की याचा मास्क सारखा हलतोय. आमच्या आयरिश सुपरवायझरबाईंच्याही ते लक्षात आलं होतं. “युअर मॅन फार धार्मिक आहे का गं? सारखा प्रार्थना करत असतो,” असं त्यांनी मला विचारलं. ‘युअर मॅन’ म्हणजे इकडे नुसतं ‘हा गृहस्थ’. मी कँटीनमध्ये त्याला छेडलं, तर म्हणाला, “प्रार्थना कसली, थाई शिकतोय. मास्कच्या आत कोणाला दिसत नाही, म्हणून प्रॅक्टिस बरी होते.”

मी हसले. सगळेच हसले. पंचेचाळिशीचा, बिनलग्नाचा, चांगल्या पगाराचा माणूस थाई शिकतोय म्हटल्यावर आपल्या लोकांना जे सुचायचं ते सुचलंच. गणपतीच्या जेवणात कोणीतरी त्याला विचारलं, “काय मग, बार कधी उडवताय?” तो वरण वाढत होता. “आधी व्याकरण तर होऊ दे,” एवढंच म्हणाला आणि पुढच्या पानाकडे गेला. खरं कारण त्याने मला कितीतरी महिन्यांनी सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून नव्हे.

त्याचा थोरला भाऊ नोकरीसाठी थायलंडला गेला आणि तिथलाच झाला. तिथल्या मुलीशी लग्न केलं, लाओसच्या बाजूच्या एका छोट्या गावात घर बांधलं, मुलगी झाली. मुलगी चार वर्षांची असताना भाऊ मोटारसायकलच्या अपघातात गेला. आईवडील त्याआधीच गेले होते. “आता आमच्या आडनावाचं तेवढंच एक माणूस उरलंय,” तो म्हणाला. “आणि तिच्याशी मला बोलता येत नाही.”

दर शनिवारी दुपारी तो तिला व्हिडिओ कॉल करायचा, तेव्हा तिकडे संध्याकाळ असायची. वहिनी औषधाच्या दुकानात कामाला होत्या आणि त्यांना इंग्रजी जेमतेम येत होतं. त्या पोरीला पुढे करायच्या आणि मधे भाषांतर करायच्या. जेवलीस का? जेवले. तू जेवलास का? जेवलो. त्यापुढे गाडी सरकायची नाही. पोरगी चित्र दाखवायची, भराभरा काहीतरी सांगायची, वहिनी त्यातलं एक वाक्य इंग्रजीत करायच्या आणि बाकीचं तसंच राहून जायचं. तिच्या बापाने शिकवलेला एक मराठी शब्द मात्र तिच्याजवळ होता. ती याला काका म्हणायची.

तर काकाने थाई शिकायला घेतली. कशी, ते सांगायला नकोच. कामावर यायच्या आधी ऑनलाइन शिकवणी, गाडीत ध्वनिफीत, मास्कच्या आत उजळणी. थाईत एकच शब्द पाच सुरांत येतो आणि सुरागणिक अर्थ बदलतो, म्हणून तो हाताने हवेत चढउतार काढून बघायचा. आमच्या घरी जेवायला आला की भाजीचं नाव आधी थाईत सांगायचा, मग वाढून घ्यायचा. माझे यजमान कंटाळून म्हणायचे, “अरे, गार होतंय ते.” दीड-दोन वर्षांत तो मुलीशी तासभर गप्पा मारायला लागला. वहिनींना भाषांतर करायची गरज उरली नाही, त्या मागे भात टाकायला लागल्या.

पण फोनवर काका होऊन त्याचं समाधान होईना. त्याला तिथे राहायचं होतं. निदान एक वर्ष. तिला शाळेत सोडायचं, आणायचं, ताप आला तर उशाशी बसायचं, एवढंच. वहिनींनी, त्यांच्या आईनेही, ये म्हटलं होतं. कंपनी वर्षभराची बिनपगारी रजा द्यायला तयार होती. अडलं होतं ते व्हिसापाशी.

“अगं, काकासाठी कॅटेगरीच नाही,” तो कँटीनमध्ये मला सांगायचा. “बापाला व्हिसा आहे, नवऱ्याला आहे. रिटायर्ड माणसाला आहे, पण त्याला पन्नाशी पूर्ण लागते. काका म्हणून कोणी तिथे राहूच शकत नाही.”

“मग टुरिस्ट म्हणून जा ना.”

“जातोच की सुट्टीत. पाहुणा जातो, पाहुणा परत येतो. तिला आता पाठ झालंय ते. मी पोचलो की पहिल्याच दिवशी विचारते, कधी जाणार.”

शेवटी वाट सापडली ती भाषेचीच. थाई शिकायला येणाऱ्या परदेशी माणसाला विद्यार्थ्याचा व्हिसा मिळायचा. शाळेत नाव घालायचं, वर्गाला जायचं, मुदत वाढवत राहायचं. नेमक्या त्याच गावात अशी एक छोटी शाळा निघाली. त्याने नवशिक्यांच्या वर्गात नाव घातलं. मी म्हटलं, “तुला येतंय की सगळं, नवशिक्यांत काय करणार?” तर म्हणाला, “तिथे तेवढाच वर्ग आहे. आणि पहिल्यापासून नीट होईल.” तो इतका खुशीत होता, की त्या आठवड्यात सुपरवायझरबाईंनी हवा कशी आहे विचारल्यावरही त्यांना थाईत उत्तर मिळालं.

त्याच सुमारास तिकडचे नियम बदलायला लागले. भाषेच्या नावाखाली व्हिसा घेऊन वर्गाचं तोंडही न बघणारे पुष्कळ झाले होते, आणि सरकारच्या ते ध्यानात आलं होतं. मग हजेरी कडक झाली, शाळांची तपासणी सुरू झाली, विद्यार्थ्याला समोर बसवून प्रश्न विचारायला लागले. तो रोज डबा खाताना फोनवर नवा नियम वाचून दाखवायचा. दुसरा कोणी घाबरला असता. हा खूश होता. “बरं झालं, चाळणी लावताहेत. खरा विद्यार्थी असेल त्याला काय भीती?”

मुलाखतीला तो आगगाडीने डब्लिनच्या थाई वकिलातीत गेला. अर्थात आदल्या शनिवारी जाऊन इमारत, तिचं दार आणि जवळचं कॉफीचं दुकान बघून आला होता. मुलाखत घेणाऱ्या बाई थाई होत्या आणि वयस्कर होत्या. त्यांनी सहज थाईत विचारलं, आमची भाषा का शिकायची आहे. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडचा हुशार मुलगा अशा वेळी काय करेल? येत असलेलं उत्तर तो दाबून ठेवेल का? याने भाऊ, पुतणी, गाव, शाळा, सगळं सविस्तर थाईत सांगितलं. बाईंचे डोळे भरून आले म्हणे. तुमचे उच्चार फार सुंदर आहेत, असं त्या म्हणाल्या. त्या संध्याकाळी तो परस्पर आमच्याकडे आला, येताना केक घेऊन. “पहिल्या नंबरात पास,” माझ्या यजमानांना सांगत होता.

व्हिसा नाकारला गेला. अर्ज नवशिक्यांच्या वर्गासाठी आहे, अर्जदाराला भाषा उत्तम येते, तेव्हा शिकणं हा त्याचा खरा हेतू दिसत नाही, असा निकाल होता. बाईंचं काही चुकलं असं मला वाटत नाही. नियम लबाडांसाठी केला होता, आणि नियमाच्या नजरेला हाच लबाड दिसला. वर्गात जायच्या आधीच धडा करून आलेल्या मुलाला वर्गाबाहेर उभं करतात, हे त्याने जन्मात कधी पाहिलं नव्हतं. चूक काय झाली ते त्याला किती दिवस कळतच नव्हतं. “मी थोडं अडखळायला हवं होतं का?” असं त्याने मला विचारलं. मला रडू आलं, त्याच्यासमोरच. तोच उठून माझ्यासाठी चहा घेऊन आला.

पुढच्या वर्षी त्याने वरचा वर्ग निघालाय का याची चौकशी केली, तर त्या छोट्या शाळेला परदेशी विद्यार्थी घ्यायची परवानगीच उरली नव्हती. इतर शाळा होत्या त्या बँकॉकला, पोरीच्या गावापासून रात्रभराच्या प्रवासावर. “मग आता?” मी विचारलं. “पन्नाशी,” तो म्हणाला. “तीन वर्षं काढायची. काय एवढं? पोरगी अकरा वर्षांची असेल.” वय वाढण्याची अशी वाट बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या वर्षी वाढदिवसाला तो मनापासून खूश होता.

मुलीला त्याने खरं ते साध्या शब्दांत सांगितलं होतं, की शाळेने मला घेतलं नाही. तिने त्याचा सरळ अर्थ काढला, काका कच्चा आहे. मग दर शनिवारी ती त्याचा अभ्यास घ्यायला लागली. एका शनिवारी तो आमच्याकडे जेवायला आलेला असताना मी हे पाहिलं. मागच्या दारी पायरीवर तो फोन धरून बसला होता, आणि आठ वर्षांची पोरगी पलीकडून एकेक शब्द म्हणवून घेत होती. त्याचं चुकत होतं. ती रागावत होती, पुन्हा म्हण म्हणत होती, हा पुन्हा चुकत होता. कॉल संपल्यावर मी म्हटलं, “अरे, हे शब्द तर तू माझ्या स्वयंपाकघरात घोटून घोटून म्हणायचास.”

“हो ना,” तो म्हणाला. “पण मी पास झालो तर तिला शनिवारी काय काम उरेल?”

फेब्रुवारीत एका सोमवारी तो कामावर आला नाही. फोनही उचलेना. संध्याकाळी मी आणि यजमान त्याच्या घरी गेलो. घरमालकाने किल्लीने दार उघडलं. तो झोपेतच गेला होता. डॉक्टर हृदय म्हणाले. एकोणपन्नासावं लागायचं होतं. मला आधी दुःख झालं नाही, मला राग आला. त्याचा, नियमांचा, आणि वर्षभराचा काका होऊ न देणाऱ्या सगळ्यांचा. तो राग अजूनही पुरता गेला नाही.

शॅननच्या दहनगृहात आम्ही त्याला निरोप दिला. मराठी मंडळी होती, कारखान्यातली माणसं होती. सुपरवायझरबाई बहिणीला घेऊन आल्या होत्या, कारण त्याच्याबद्दल त्या घरी इतकं बोलल्या होत्या, की बहिणीलाही यावंसं वाटलं. वहिनींना मी इंग्रजीत कळवलं होतं. त्यांना येणं शक्य नव्हतं. दहनगृहातल्या कॅमेऱ्यातून त्या दोघींनी सगळं घरूनच पाहिलं.

शनिवारी दुपारी माझा फोन वाजला. वहिनी होत्या. थँक्यू, थँक्यू, एवढंच म्हणत होत्या, आणि पुढे त्यांना बोलवेना. त्या तोंडावर हात घेऊन बाजूला झाल्या आणि पोरगी समोर आली. केस नीट विंचरलेले, गळ्याशी बटण लावलेलं. तिने मला नमस्कार केला. मीही केला. मग तिने, अजिबात न रडता, माझ्याकडे बघत काहीतरी म्हटलं. सावकाश म्हटलं, कच्च्या माणसाला कळावं तसं. मी यजमानांकडे बघितलं, ते माझ्याकडे बघत होते. तिने पुन्हा तेच म्हटलं, आणखी सावकाश. त्यात ‘काका’ होतं, बाकी मला काही कळलं नाही. तो प्रश्न होता एवढं कळलं, कारण ती उत्तराची वाट बघत होती.