गरम पाणी येतंय का?

आमच्या जुन्या बॉयलरचा पार्ट आता बनत नाही. माझी बायको सुधा गेल्याचं ठाऊक असलेले दुरुस्तीवाले मोरी-सान म्हणाले होते, "तुम्ही एकटेच, लहान नवा घ्या." मी नको म्हटलं. मग त्यांनी मोडीत निघालेल्या एका बॉयलरमधून पार्ट शोधला आणि आज बसवला. बाल्कनीत ज्योत पेटली, तसा तापलेल्या धुळीचा वास घरात शिरला.

जपानमधल्या, इथल्या इचिकावातल्या आमच्या पहिल्या हिवाळ्यात असाच वास आला होता. टबात बसायचं सोडून सुधा त्यातलं पाणी बादलीने उपसून अंघोळ करत होती. टब रिकामा होत गेला आणि कोरडा तापू नये म्हणून बॉयलर आपोआप बंद पडला.

"अहो, डोक्याला शिकेकाई लावलीय! इंजिनिअर ना तुम्ही?"

मी बाल्कनीत कुडकुडत प्लग काढून पुन्हा लावत होतो.

"आता आलं नळाला गरम पाणी?"

"नाही!"

"आता?"

"आलं, आलं! आणि ओरडू नका, शेजारी काय म्हणतील!"

तिचाच आवाज जास्त होता. मला मात्र तेव्हा फक्त आत पळायची घाई होती.

"गरम पाणी येतंय का?" मोरी-साननी बाल्कनीतून विचारलं.

मी नळाखाली हात धरला होता. चटका बसला तेव्हा मी ओरडलो, "आलं, आलं!"