सालीसकट विणलेला बाक

शिकागोतल्या ज्या गॅलरीत मी काम करायचे, तिथे रोज कोणी ना कोणी येऊन निळ्या ठिपक्यांच्या पोलिश बरण्या मागायचं. नाहीतर अंबरच्या माळा. गॅलरीची मालकीण स्वतः पोलिश होती, साठीच्या आसपासची. ती न चिडता रस्त्यापलीकडचं दुकान दाखवायची आणि सांगायची, आमच्याकडे फक्त आज काम करणाऱ्या कारागिरांच्या वस्तू आहेत. काच, माती, लोकर, लाकूड. प्रत्येक वस्तू एकच. मी तिला मनातल्या मनात बाई म्हणायचे, समोर अर्थात नावाने.

मी पुण्यात इंटिरियर डिझाइन शिकले. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आले, वर्क परमिट यायला बराच वेळ गेला, आणि ते आल्यावर मिळालेली पहिली नोकरी ही. पोलंडबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. तसं मुलाखतीत सांगितलं तेव्हा बाई म्हणाली, "बरंच आहे. म्हणजे तू लोकांना माझ्या देशाची गोड गोड गाणी ऐकवणार नाहीस."

एका शनिवारी तिथे काका आले. महाराष्ट्र मंडळातली ओळख. नागपूरचे, भूलतज्ज्ञ म्हणून इथल्या हॉस्पिटलात आयुष्य काढून रिटायर झालेले. डेव्हनवरच्या देशी दुकानांतून भाजी घेऊन घरी जाताना माझं ऑफिस बघायला म्हणून थांबले होते. एक चक्कर मारून झाल्यावर ते मधल्या बाकावर सरळ बसले.

"काका, तो बसायचा नाहीये," मी म्हणाले.

"बाक आहे ना?"

"एक्झिबिटमधला आहे."

बाई आतून बघत होती. तिने मला हातानेच गप्प केलं.

बाक विलो नावाच्या झाडाच्या लवचिक फांद्यांचा होता. आपल्याकडच्या वेतासारखं विणकाम, पण जाड, दाट, एखाद्या मोठ्या घरट्यासारखं. काका पाठ टेकून बराच वेळ बसले. मग उठले आणि म्हणाले, "असा एक घरी पाहिजे. तुझ्या काकूंसाठी."

काकूंना तोवर बऱ्यापैकी विसर पडायला लागला होता. आधी नावं गेली, मग वेळ. घरातले सोफे खोल, त्यातून त्यांना उठता यायचं नाही, म्हणून त्या खिडकीपाशी उभ्याच राहायच्या. हे काकांनी बाईला इंग्रजीत सांगितलं, रिपोर्ट वाचून दाखवावा तसं. बाई म्हणाली, हा विकत मिळेल, पण हा त्यांच्यासाठी केलेला नाही. केला तर वेगळा करावा लागेल.

बाक करणारी विणकर पोलंडमधल्या एका खेड्यात राहत होती. चाळिशीतली, केस आखूड, मागे शेडमध्ये भिजत ठेवलेल्या फांद्यांचे भारे. आम्ही तिला व्हिडिओ कॉल केला, बाई दुभाषी. मला वाटलं होतं ती मापं विचारेल. ती तिने विचारलीच, पण मग म्हणाली, "त्या हातांनी काय करतात?"

काका स्क्रीनकडे झुकले. "म्हणजे?"

"बसल्या असतील तेव्हा. हात कुठे असतात?"

"चाळा करते," काका मराठीतच म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. मी इंग्रजीत सांगितलं, बाईने पोलिशमध्ये. काकू पदराची, चादरीची, हाताला येईल त्याची टोकं ओढत, खुडत राहायच्या. त्यांना कोणी थांबवलं की चिडायच्या. विणकर ऐकत होती.

बाक जहाजाने आला. पाठ उंच, बैठक दोघांपुरती. सगळ्या फांद्या सोलून पांढऱ्या केलेल्या, फक्त उजवा हात टेकायचा भाग सालीसकट विणलेला, तपकिरी, खरखरीत. आम्ही तो काकांच्या घरी खिडकीपाशी लावला. काकू जवळ आल्या, उभ्या राहिल्या, मग बसल्या. थोड्या वेळाने त्यांची बोटं त्या सालीवर गेली आणि त्यांनी एक बारीक तुकडा खुडला. काकांनी हात पुढे केला होता, तो मागे घेतला.

"काय करताय?" काकूंनी मला विचारलं.

"काही नाही काकू, बसलेय."

"बसा हो."

त्या मला ओळखत नव्हत्या, पण त्या दिवशी त्या दुपारभर बसल्या.

पुढच्या वसंतात बाईने त्या विणकरचं एकटीचं प्रदर्शन ठरवलं. तिचा प्रवास आणि राहण्याची सोय काकांनी आपणहून अंगावर घेतली. ती त्यांच्याच घरी उतरली. बाईला तो बाक प्रदर्शनात हवा होता, निदान थोडे दिवस, पण एव्हाना त्याच्या उजव्या बाजूची वरची साल जवळजवळ निघून गेली होती. ते बघून बाईचा चेहरा पडला.

"मी दुरुस्त करायला सांगू का?" तिने काकांना विचारलं.

विणकर खाली गुडघ्यावर बसून त्या सोललेल्या जागेवरून बोट फिरवत होती. ती पोलिशमध्ये काहीतरी म्हणाली. बाईने एकदा बाकाकडे बघितलं. मग म्हणाली, "ती म्हणते, अर्धं काम तिने केलं, अर्धं तुमच्या बायकोने. दुरुस्त करायचं काही नाही."

काकांनी बाक प्रदर्शनाला दिला नाही. "ती बसते त्याच्यावर," एवढंच म्हणाले. उद्घाटनाला मात्र आले. बाईने चार लोकांसमोर त्यांची ओळख 'आमचे कलेक्टर', म्हणजे संग्राहक, अशी करून दिली. ते माझ्या कानाशी म्हणाले, "अगं, कलेक्टर म्हणजे आपल्याकडे जिल्हाधिकारी. आई असती तर पेढे वाटले असते." बाईने विचारलं काय झालं. मी म्हणाले, काही नाही, खूश आहेत.

त्या वर्षाअखेर काका-काकू टेक्सासमधल्या शुगर लँडला मुलीकडे राहायला गेले. घर विकलं, सामान वाटून टाकलं, बाक बरोबर नेला. काकू तिकडेच वारल्या. बातमी मला मंडळाच्या ग्रुपवर कळली. मी फोन केला तेव्हा काका नेहमीच्या आवाजात बोलले, तिकडच्या उकाड्याबद्दलही.

काही महिन्यांनी एका म्युझियमने पोलिश डिझाइनच्या दालनासाठी बाईकडे विचारणा केली. तिला पहिल्यांदा तोच बाक आठवला. मला काकांना फोन करायला सांगताना ती अवघडली होती. मीही अवघडूनच विचारलं. काका म्हणाले, "घेऊन जा. दोन माणसं पाठव, जड आहे." मी विचार करायला वेळ घ्या म्हणाले. "विचार कसला? रिकामा आहे."

दालन उघडल्यावर बाई आणि मी बघायला गेलो. बाक पांढऱ्या चौथऱ्यावर होता, वरून उजेड सोडलेला. पाटीवर विणकरचं नाव, विलो, आणि 'एका कुटुंबासाठी केलेला' एवढंच. एक जोडपं समोर उभं होतं. त्यातली बायको बाकाच्या उजव्या बाजूकडे बोट दाखवून नवऱ्याला म्हणाली, इथे बघ, मुद्दाम तसं ठेवलंय, टेक्स्चरसाठी. तो हो म्हणाला. ते पुढच्या काचेच्या भांड्यांकडे गेले. आमच्या बाईने माझ्याकडे बघितलं.

मी एक फोटो काढून काकांना पाठवला. तासाभराने उत्तर आलं. वर अंगठा, आणि खाली लिहिलं होतं की मुलीने त्यांच्यासाठी रिक्लायनर आणलाय, पाठीला बरा पडतो.