एका मैलावरचा तेरडा

फेब्रुवारीतला शनिवार. नेहमीप्रमाणे डून लेरीहून डार्ट, म्हणजे इथली लोकल पकडून मी डब्लिनच्या हर्बेरियममध्ये पोचले... हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांची लायब्ररी. कागदावर चिकटवलेली रोपं आणि कोपऱ्यात हाताने लिहिलेलं लेबल.

गेली दोन वर्षं मी तिथे व्हॉलंटियर आहे. जुनी लेबलं वाचून कॉम्प्युटरवर टाइप करायची, एवढंच माझं काम. एरवी मी आयटी कंपनीत टेस्टिंगला आहे... थोडक्यात, दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते.

शेजारच्या टेबलावर मॉरा बसते. वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त बॉटनिस्ट. आफ्रिकेतल्या रानतेरड्यांवर तिने जन्मभर काम केलंय. हो, आपला तेरडाच. सह्याद्रीत फुलतो त्याचे भाऊबंद टांझानियाच्या डोंगरांतही आहेत, आणि त्यांतला एखादा अजूनही असा सापडतो की ज्याला नावच नसतं.

असाच एक मॉराला सापडला होता... रानात नाही, आमच्याच कपाटात. साठेक वर्षांपूर्वी तिकडच्या मिशन हॉस्पिटलमधल्या एका आयरिश ननने तो गोळा करून पाठवला होता. इतकी वर्षं तो दुसऱ्याच जातीच्या फोल्डरमध्ये पडून होता.

नवीन जात जाहीर करणं भलतं किचकट काम. पान, देठ, फुलामागची शेपटीसारखी नळी, सगळं मोजायचं. माहीत असलेल्या जातींशी ताडून बघायचं. ती रानात अजून आहे का, तेही लिहायचं.

मॉराची नजर आता अधू झालीये. मायक्रोस्कोप मोठ्या स्क्रीनला जोडून ती भागवते, पण पेन्सिलीचं पुसट अक्षर तिला वाचता येत नाही. म्हणून ते लेबल मी वाचलं होतं... 'मिशनपासून सात मैल, ओढ्याच्या वरच्या अंगाला, ओल्या खडकावर.'

टांझानियातली नीमा ही तिची जोडीदार संशोधक. ती माझ्या त्या एका ओळीवर विसंबून दोन दिवस डोंगर चढली. सात मैलांवर फक्त चहाचे मळे होते. जंगल केव्हाच गेलेलं.

रिसर्च पेपरमध्ये लिहिलं गेलं, 'बहुधा नामशेष.' त्या दिवशी मॉरा कोट घालून बराच वेळ नुसती बसून राहिली. "हा एक तरी जिवंत असेल असं वाटलं होतं गं," एवढंच म्हणाली.

तर तो शनिवार. पेपर सोमवारी पाठवायचा होता. मी त्याच ननचं दुसरं एक लेबल टाइप करत होते. तारीख होती... ३७ मे.

मी परत वाचलं. सदतीस मे. मग लख्ख कळलं की ही बाई इंग्रजी एकचा आकडा सातासारखा काढते. ती तारीख ३१ मे होती.

आणि ते सात मैल... एक मैल.

तिची आणखी चार लेबलं काढून बघितली. सगळीकडे तसाच एक. खरा सात काढताना ती मधे आडवी रेघ देत होती. आमच्या तेरड्याच्या लेबलावर रेघ नव्हती.

खोटं कशाला सांगू, गप्प बसायचा विचार मनात आला. लेबल वाचणारी मीच, कुणाला कळणार होतं? मी उठून चहा केला, तो तसाच गार झाला... मग मॉराजवळ खुर्ची ओढली.

"मॉरा, मी चुकीचं वाचलं. सात नाही, एक मैल आहे."

ती म्हणाली, "नीमा दोन दिवस चालली, राधिका."

"माहितीये. तिला मी स्वतः लिहिते."

"लिही. आणि पेपर थांबवू आपण." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "यू आर ग्रँड." इकडच्या बोलीत, 'असू दे गं'. "सोमवारनंतर सांगितलं असतंस, तर कदाचित एका जिवंत झाडाला आपण मेलेलं म्हणून बसलो असतो."

नीमाला माफीचा मेल लिहायला मला दोन तास लागले. तिचं उत्तर दोन ओळींचं होतं. तिकडे पाऊस लागला की तेरडा फुलेल, तेव्हा जाते. एक मैल तर आहे...

मग वाट बघणं. डोक्यात सारखं तेच. तिथेही चहाच असला तर?

परवाच्या शनिवारी नीमाचा फोटो आला. ओढ्याकाठी काळा ओला खडक आणि त्याच्या फटीतून वर आलेली अकरा रोपं. सगळी फुललेली.

मी स्क्रीन मॉराकडे वळवली. ती मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने बघत राहिली. वाळलेल्या फुलाचा रंग उडून जातो, त्यामुळे पेपरात रंगाची जागा रिकामीच होती.

"मला नीट दिसत नाहीये," ती म्हणाली. "तू बघ आणि सांग. रंग कसा आहे?"

मी एवढी मोठी चूक केल्यावरही ती परत माझ्याच डोळ्यांवर विसंबत होती.

मी फोटो मोठा केला. प्रत्येक फूल वेगवेगळं बघितलं. मग म्हटलं, "शेंदरी. आत घशाशी पिवळा, त्यावर दोन लाल रेषा." शेंदरी म्हणजे नेमका कसा, ते तिला इंग्लिशमध्ये समजावताना नाकी नऊ आले...

"परत एकदा बघ," मॉरा म्हणाली. मी बघितलं. दोनच रेषा होत्या.

"मग लिही," ती म्हणाली, आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.